जनमत कौल आणि न रंगवलेले नकाशे

(ग्रंथालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गोव्यात आणि कोकणात देवाला कौल लावण्याची प्रथा जुनी आहे. मूर्तीच्या अंगावर उजवीकडे व डावीकडे ओल्या पाकळ्या किंवा पाने चिकटवतात, गाऱ्हाणे घालतात, आणि कोणत्या बाजूची पाकळी आधी सुटते ते पाहून होकार वा नकार समजतात. श्रद्धेचा भाग ज्याच्या त्याच्यापाशी. परंतु या रीतीत एक व्यावहारिक शहाणपण आहे. कौल लावण्यापूर्वी प्रश्न नेमका मांडावा लागतो. लग्नाविषयी विचारलेल्या कौलावरून शेताचा निर्णय कोणी घेत नाही.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यातील मतदारांनी जो निर्णय दिला, त्याला 'जनमत कौल' हेच नाव रूढ झाले. योगायोग असा की त्या मतपत्रिकेवरील चिन्हेही फूल आणि दोन पाने अशीच होती. महाराष्ट्रात विलीनीकरण हवे असेल त्याने फुलावर, संघप्रदेश म्हणून वेगळे राहायचे असेल त्याने दोन पानांवर शिक्का मारायचा होता. त्या दिवशी एकवीस वर्षांचा असलेला मतदार आज ऐंशीच्या आसपास आहे. तरीही गोव्यात आणि सीमाभागात, जिथे जिथे मराठी वाचणारी चार माणसे एकत्र बसतात, तिथे 'त्या दिवशी उलटे झाले असते तर?' हा प्रश्न अजून निघतो. कोणी हळहळतो, कोणी सुटकेचा निःश्वास टाकतो. या प्रश्नाला करमणूक म्हणून बाजूला सारण्याचे कारण नाही. निकालाचे पर्यायी नकाशे मनात काढून पाहणे हा इतिहास समजून घेण्याचा एक मार्ग आहे. अट एवढीच, की नकाशा बदलणाऱ्याने कोणती मते, कोठे आणि का फिरली असती, हे सांगितले पाहिजे.

प्रथम प्रत्यक्ष निकाल पाहू. गोव्यातील मतदारयादीत ३,८८,४३२ नावे होती. मतदान झाले ३,१७,६३३, म्हणजे शेकडा ८१ हून अधिक. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते मिळाली. अंतर ३४,०२१ मतांचे. या आकड्यांपासून पहिला पर्यायी नकाशा काढता येतो. अंतराच्या निम्मी, म्हणजे १७,०११ माणसे पानांकडून फुलाकडे वळली असती तर निकाल फिरला असता. त्या काळी गोव्यात विधानसभेचे २८ मतदारसंघ होते. तेव्हा दर मतदारसंघामागे सरासरी ६०८ माणसे. एखाद्या मोठ्या गावच्या जत्रेत एका रात्री याहून अधिक लोक जमतात. दर शंभर वैध मतांमागे हे प्रमाण साधारण साडेपाच पडते. बाद मते ७,२७२ होती. ती सगळी फुलाला मिळाली असती तरी अंतर तुटले नसते. मतदानाला न आलेली नावे मात्र ७०,७९९, म्हणजे अंतराच्या दुपटीहून अधिक होती. अर्थात त्यांत मृतांची आणि परगावी गेलेल्यांचीही नावे असणार. तेव्हा निकाल स्पष्ट होता, पण अटळ नव्हता, एवढेच या गणितातून म्हणता येते.

दुसरा नकाशा याहून महत्त्वाचा आहे. कारण तो काही काळ खरा ठरेल असे वाटत होते. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला आणि डिसेंबर १९६३ मध्ये पहिली विधानसभा निवडणूक झाली. तीस जागांपैकी दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि त्याला साथ देणारे मिळून १६ जागा झाल्या, डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्स पक्षाला १२ मिळाल्या. विलीनीकरण हे मगो पक्षाचे उघड उद्दिष्ट होते. त्यामुळे विधानसभेतील बहुमत म्हणजेच विलीनीकरणाला कौल, असे अनुमान अनेकांनी केले, आणि जानेवारी १९६५ मध्ये विधानसभेने तसा ठरावही केला. सिक्वेरा यांचा आग्रह होता की एवढा मोठा निर्णय आमदारांच्या संख्येवर न सोडता थेट लोकांना विचारावा. तो आग्रह मान्य झाला. संसदेने १९६६ च्या डिसेंबरात जनमत कौलाचा कायदा केला. सरकारी यंत्रणेच्या तटस्थतेविषयी शंका राहू नये म्हणून बांदोडकरांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामाही दिला.

समजा हा आग्रह मान्य झाला नसता आणि विधानसभेच्या ठरावावरच दिल्लीने निर्णय घेतला असता. मतदार तेच, गावे तीच, पण नकाशा वेगळा झाला असता. आणि तोही 'लोकांनी निवडलेल्या' सभागृहाच्या नावानेच. येथे मोजणीच्या पद्धतीचे सामर्थ्य दिसते. ज्याने १९६३ मध्ये मगोच्या सिंहाला मत दिले, त्याला विलीनीकरण हवे असेल. पण त्याला भाटकाराच्या जमिनीतून निघण्याची भीती नको असेल, किंवा मुलांसाठी गावात शाळा हवी असेल, हेही तितकेच शक्य होते. कूळ-मुंडकारांना आणि बहुजन समाजाला बांदोडकर आपले वाटले ते अशा कारणांनी. एका शिक्क्यात ही सगळी कारणे एकत्र मिसळतात आणि मोजणीच्या टेबलावर ती वेगळी करता येत नाहीत.

याचा पुरावा लोकांनीच दिला. जानेवारीत विलीनीकरण नाकारले गेले आणि मार्च १९६७ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. तर्काने पाहता मगो पक्ष कोसळायला हवा होता. प्रत्यक्षात त्याला १६ जागा मिळाल्या, युनायटेड गोवन्सला १२, आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. दोन निवडणुकांत अंतर अडीच महिन्यांचेही नव्हते. त्यावरून काही जणांनी गोव्याच्या मतदाराला चंचल म्हटले. तो चंचल नव्हता. जानेवारीत विचारले होते, 'गोवा कोठे असावा?' मार्चमध्ये विचारले, 'गोव्याचे राज्य कोणी करावे?' दोन प्रश्नांना त्याने दोन उत्तरे दिली.

आता तिसरा नकाशा, भिंतीवर टांगण्याचा. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे आणि काणकोण या नव्या काबिजादी. तिसवाडी, बार्देस, सासष्टी आणि मुरगाव हा जुन्या काबिजादींचा भाग. विलीनीकरणाचा जोर नव्या काबिजादींत आणि विरोधाचा जोर जुन्यांत, असे स्थूलमानाने सांगितले जाते. पण या हिशेबाने रंग भरले तर डोळा फसतो. सांगे आणि सत्तरी विस्ताराने मोठे, पण डोंगर-रानांचे आणि विरळ वस्तीचे; सासष्टी आणि बार्देस आकाराने लहान, पण दाट वस्तीचे. कागदावर मोठा दिसणारा रंग मतपेटीत लहान असू शकतो. धर्मावरून रंगवलेला नकाशाही असाच फसवा. गोव्यात ख्रिस्ती समाज अल्पसंख्य होता. वैध मतांपैकी शेकडा ५५ मते केवळ त्याच्या बळावर पानांना मिळणे शक्यच नव्हते. हिंदू मतदारांचा मोठा वर्ग पानांच्या बाजूने गेल्याशिवाय तो निकाल लागत नाही. 'अमुक धर्म म्हणजे अमुक मत' या समजुतीला १९६७ चे आकडेच छेद देतात.

मतदार कोणाला मानायचे, यावरही नकाशा बदलतो. मुंबईत आणि अन्यत्र राहणाऱ्या गोमंतकीयांना मत देऊ द्यावे अशी मागणी त्या वेळी झाली होती. ती मान्य झाली नाही. मतदानाचे वय अठरावर आले ते १९८९ मध्ये; १९६७ च्या सभांत घोषणा देणाऱ्या कॉलेजातल्या बहुतेक मुलांना मत नव्हते. आणि प्रश्नच तीन पर्यायांचा असता तर? मतपत्रिकेवर स्वतंत्र घटक राज्याचे चिन्ह नव्हते. गोवा ३० मे १९८७ रोजी घटक राज्य झाला; म्हणजे शेवटी जे घडले, ते १९६७ मध्ये कोणी विचारलेलेच नव्हते.

उरला तो सर्वांच्या मनातला नकाशा: विलीन झालेला गोवा. भावना बाजूला ठेवून येथेही थोडे गणित करावे. १९६० च्या शिरगणतीत गोव्याची लोकसंख्या सुमारे ५ लाख ९० हजार होती. १९६१ मध्ये महाराष्ट्राची सुमारे ३ कोटी ९५ लाख. १९६७ च्या निवडणुकीत महाराष्ट्र विधानसभेच्या जागा २७० होत्या, म्हणजे सरासरी दीड लाखाच्या आतबाहेर माणसांमागे एक आमदार. या प्रमाणाने गोव्याच्या वाट्याला चार जागा येतात. पणजीत अठ्ठावीस आमदार पाठवणाऱ्या भूभागाने मुंबईला चार पाठवले असते. दुसरीकडे, राज्यकारभाराची भाषा निर्विवादपणे मराठी झाली असती, आणि उच्च शिक्षण, नोकऱ्या व बाजारपेठ यांचा मोठा मुलूख सलग मिळाला असता. कोकणीला १९७५ मध्ये साहित्य अकादमीची मान्यता मिळाली, १९९२ मध्ये ती आठव्या परिशिष्टात आली. विलीन गोव्यात हे घडले असते की नाही, घडले असते तर केव्हा, हे कोणताही नकाशा सांगू शकत नाही. ज्याला मिळकत मोठी वाटते त्याने खर्चाचा रकानाही वाचावा, आणि ज्याला खर्चच दिसतो त्याने मिळकतीचा. विलीनीकरण मागणारे सगळे गोव्याचे वैरी नव्हते, आणि ते नाकारणारे सगळे मराठीचे वैरी नव्हते.

या शेवटच्या वाक्याला आधार आहे. विलीनीकरणाच्या बाजूने 'गोमंतक' दैनिक लढले, ते मराठीतून. विरोधात मडगावचे 'राष्ट्रमत' लढले, तेही मराठीतून. चंद्रकांत केणी यांच्या संपादकत्वाखालच्या त्या दैनिकात उदय भेंब्रे 'ब्रह्मास्त्र' हे सदर लिहीत, आणि पानांच्या विजयात त्या मराठी सदराचा वाटा मोठा मानला जातो. वाद ज्या भाषेत रंगला, त्या भाषेचा त्या वादात पराभव झाला असे म्हणणे कितपत सयुक्तिक आहे? तरीही पुढे दोन्ही बाजूंच्या पुष्कळांनी १९६७ चा कौल भाषेविषयीचा आहे असेच गृहीत धरले. एकाने त्यात मराठीची हार वाचली, दुसऱ्याने कोकणीची जीत. त्या गृहीतावर वर्षानुवर्षे कटुता साचत गेली. १९८५-८६ च्या भाषावादात माणसांचे जीव गेले. ४ फेब्रुवारी १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणीला राजभाषा केले आणि शासकीय कामासाठी मराठीच्या वापराचीही तरतूद केली. लग्नाच्या कौलावरून शेताचा निर्णय घेऊ पाहिले, म्हणजे काय होते, ते गोव्याने अनुभवले आहे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी ग्रंथालयात हा विषय मांडण्याचे कारणही हेच आहे. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव, पणजी, यांपैकी कोणत्याही गावच्या मराठी वाचकाने सीमेची रेषा आपल्या हाताने ओढलेली नाही. काही ठिकाणी ती संस्थानांनी ओढली, काही ठिकाणी आयोगांनी, आणि गोव्यात लोकांना विचारून. ती उलटी पडली असती तर वाचनालयाच्या पाटीखालचा पत्ता बदलला असता, आणि अनुदानाचा अर्ज दुसऱ्या कचेरीत गेला असता. हे परिणाम क्षुल्लक नाहीत; मराठी शाळांचे दुखणे अशा पत्त्यांशी जोडलेले असते. पण पुस्तक घरी नेणारा सभासद मतपेटीतून निघत नाही. तो रोज संध्याकाळी स्वतःहून यावा लागतो.

१९६७ च्या जानेवारीत फुलावर शिक्का मारलेली माणसे आणि पानांवर शिक्का मारलेली माणसे दुसऱ्या दिवशी त्याच वाचनालयांत, त्याच बाकांवर बसून आपापली दैनिके वाचत होती. त्यांच्यापैकी जी आज हयात आहेत, त्यांना अजून वेळ आहे तोवर जवळ बसवून विचारावे, की त्या दिवशी तुम्ही कोठे शिक्का मारलात, यापेक्षा का मारलात. त्या कारणांची टिपणे एखाद्या ग्रंथालयाने जमवून ठेवली, तर ती या विषयावरील कोणत्याही नकाशापेक्षा अधिक मोलाची ठरतील.