सढळ हात, आखडता हात

आपल्याकडे मॉर्फिनची चिठ्ठी डॉक्टरच लिहितात. अमेरिकेत मात्र ‘नर्स प्रॅक्टिशनर’ हा वेगळा पेशा आहे. १९६५ मध्ये लॉरेटा फोर्ड आणि डॉ. हेन्री सिल्व्हर यांनी कोलोरॅडो विद्यापीठात त्याचा पाया घातला. पुढचे शिक्षण घेतलेली ही परिचारिका रुग्ण तपासते, निदान करते, औषधही लिहून देते. त्यात मॉर्फिन, ऑक्सिकोडोन अशी अफूच्या कुळातली वेदनाशामकेही येतात. नियम तेवढे राज्यागणिक वेगळे.

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून तिथे ही औषधे सढळ हाताने दिली गेली. व्यसनाने आणि अतिमात्रेने घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. मग २०१६ मध्ये ‘सीडीसी’ या सरकारी आरोग्यसंस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. काहींनी त्यांचा अर्थ ‘औषध बंद’ असा घेतला आणि वर्षानुवर्षे गोळ्या घेणाऱ्यांचा डोस एकाएकी तोडला. असह्य वेदनेने काहींनी जीव दिला. २०२२ च्या सुधारित सूचनांनी असा अर्थ लावू नये, असे बजावले.

सढळ हात आणि आखडता हात, दोन्हींच्या मागे अपुरी जाण होती. लिहिणारीला ठाऊक हवे, की सुरुवात कमीत कमी मात्रेने करायची. तोंडावाटे घेतलेले ऑक्सिकोडोन मॉर्फिनच्या सुमारे दीडपट प्रभावी असते. मूत्रपिंड दुबळे असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साचतात. झोपेच्या गोळीची जोड मिळाली तर श्वास मंदावून थांबू शकतो. अशा घरात नॅलोक्सोन हा उतारा हाताशी हवा. आणि दीर्घकाळ चाललेले औषध थांबवायचे ते पायरीपायरीने.

जून २०२३ पासून अमेरिकेत अशा औषधांचा परवाना घेताना किंवा त्याचे नूतनीकरण करताना, डॉक्टर असो वा परिचारिका, व्यसनविकारांविषयीचे ८ तासांचे प्रशिक्षण एकदा सक्तीचे झाले. युगांडात डॉक्टर थोडे; तिथे २००४ पासून खास प्रशिक्षण घेतलेल्या परिचारिका कर्करोगाच्या रुग्णांना मॉर्फिन लिहून देतात. आधी शिक्षण, मग लेखणी.

‘वेदना’ आणि ‘विद्या’ हे शब्द एकाच धातूचे: ‘विद्’, म्हणजे जाणणे. आपल्या घरी अशी गोळी आली तर डॉक्टरांना, परिचारिकेला नि:संकोच विचारा: किती घ्यायची, किती दिवस, आणि थांबवायची कशी?