आमचा मोत्या

आमच्याकडे मोत्या नावाचं कुत्रं आहे. कुत्रं कसलं, द्वाड कारटंच ते! वहाणा पळवाव्यात, वाळत घातलेलं धोतर ओढावं, मांजरीचं दूध चाटून वर साळसूदपणे शेपूट हलवावं. मांजरीनं नाकावर पंजा मारला, की मात्र स्वारी गोठ्यात वासरामागे दडते.

गेल्या महिन्यात खेळता खेळता त्याचा दात धाकट्याच्या पोटरीला लागला. जरासं रक्त आलं. आई तिखट नि चुना घेऊन धावली. म्हटलं, "आई, तिखट नको, साबण दे." वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुतली आणि तसाच सरकारी दवाखाना गाठला. पिसाळरोगाची लक्षणं एकदा दिसली, की इलाज जवळजवळ नाहीच. लस घ्यायची ती आधी. आईला धास्ती पोटातल्या 14 सुयांची. तो काळ गेला. आता दंडात मोजक्याच सुया, ठरल्या दिवशी.

डॉक्टरांनी विचारलं, "कुत्र्याला यंदा लस टोचलीय?" राहून गेली होती. एम. ए. झालेल्या माणसानं खाली मान घातली!

मोत्याला 10 दिवस बांधून नजरेखाली ठेवला. चांगला खात-पीत होता. अकराव्या दिवशी लस टोचून आणला, सोडला, तो माझी वहाण घेऊन गोठ्यात पसार!