सौम्य म्हणजे गरीब नव्हे
(गणेशोत्सवातील कार्यक्रमात केलेले भाषण)



आरतीनंतर आम्लांवर बोलणे म्हणजे मोदकाच्या ताटात एरंडेल वाढण्यासारखे आहे. पण कार्यकारिणीचा आग्रह पडला की तुमच्या कामातले काहीतरी सांगा. आमच्या कामात बॅटरी आली आणि बॅटरी म्हटली की आम्ल आले.

शाळेत आपण शिकलो की हायड्रोक्लोरिक, सल्फ्युरिक ही तीव्र आम्ले आणि व्हिनेगरमधले ॲसेटिक हे सौम्य. घोटाळा या 'सौम्य' शब्दात आहे. सौम्य साबण, सौम्य औषध म्हणायची आपल्याला सवय, म्हणून सौम्य आम्लही गरीब स्वभावाचे वाटते. रसायनशास्त्रात त्याचा अर्थ एवढाच, की पाण्यात त्याचे थोडेच रेणू हायड्रोजन आयन सोडतात. लिटरमागे ०.१ मोल हायड्रोक्लोरिक घेतले तर जवळजवळ सगळे रेणू फुटतात आणि सामू, म्हणजे पीएच, १ येतो. तेवढेच ॲसेटिक घेतले तर शंभरातला जेमतेम एक फुटतो, सामू २.९ च्या आसपास.

पण उरलेले नव्व्याण्णव कुठे जात नाहीत! तिकीट खिडकीशी एकच माणूस दिसतो, मागे रांग असतेच. सोडा टाकून सुटे आयन संपवले की मागचे पुढे येतात. म्हणून आम्ल मारायला सोडा किती लागेल हे तीव्रतेवर नव्हे, आम्ल किती आहे त्यावर ठरते.

हिशेबच पाहा. मोटारीच्या पूर्ण चार्ज बॅटरीतले १.२८ घनतेचे एक लिटर पाणी सांडले, तर सुमारे ८०० ग्रॅम खाण्याचा सोडा लागेल. स्वयंपाकाच्या ५ टक्के व्हिनेगरला ७० ग्रॅम पुरे. आणि कापडरंगाईत वापरतात त्या ग्लेशियल, म्हणजे जवळजवळ शुद्ध, ॲसेटिकला? जवळपास दीड किलो! वर्गाने सौम्यच, पण कातडी भाजते. (१६.६ अंशांखाली ते गोठते, त्यामुळे इकडच्या थंडीत बाटलीत बर्फ दिसला तर दचकू नये.)

हायड्रोफ्लोरिकची तर गोष्टच वेगळी. पुस्तकात तेही सौम्य. गंजाचे डाग काढायच्या काही द्रावणांत ते असते. कातडीतून आत शिरून शरीरातले कॅल्शियम धरते. सुरुवातीला दुखतही नाही, आणि माणूस दगावू शकतो. त्यामुळे बाटलीवर आम्लाचे नाव वाचावे, टक्केवारी वाचावी, 'सौम्य' वाचून हातमोजे काढू नयेत.

अंगावर किंवा डोळ्यांत आम्ल उडाले तर सोडा लावत बसू नका.  ताबडतोब वाहत्या पाण्याने निदान १५-२० मिनिटे धुवा आणि दवाखाना गाठा. सोडा फक्त फरशीसाठी. तोही कडेकडेने थोडा थोडा टाकावा, आणि नवीन चिमूट टाकूनही फेस येईनासा झाला की मगच पोतेरे घ्यावे.