अनारशाचा तांदूळ
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात महिला शाखेच्या सभेत केलेले भाषण)



दिवाळीच्या फराळावर चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली आहे. मी काही पाककलेतील पंडिता नव्हे. १९७६ साली लग्न होऊन सोलापुराहून कलकत्त्यास आले आणि तेव्हापासून दर दिवाळीस येथे कढई चढवीत आले, एवढाच माझा अधिकार.

परमुलखात पहिली अडचण येते ती जिनसांची. बंगालात रोजच्या भाताला बहुधा उकडा तांदूळ. त्याला येथे 'सिद्ध' म्हणतात, आणि न उकडलेल्याला 'आतप'. हवा दमट, त्यामुळे चकली डब्याबाहेर राहिली की मऊ पडते. सासूबाईंनी या साऱ्यांतून वाट काढली होती. त्यांची भाजणी अशी: ४ वाट्या आतप तांदूळ, २ वाट्या हरभऱ्याची डाळ, १ वाटी उडदाची डाळ, पाव वाटी धने आणि थोडे जिरे. तांदूळ-डाळी धुऊन सुकवायच्या आणि प्रत्येक जिन्नस मंद आचेवर वेगवेगळा भाजायचा. मोहन अधिक झाले तर चकली तेलात विरघळते, कमी पडले तर कडक होते. म्हणून आधी एकच तळून पाहायची.

माझ्या पहिल्या दिवाळीत माझे अनारसे तेलात हसले. गूळ अधिक झाला होता. मी रडकुंडीस आले. सासूबाईंनी रागाचा शब्द काढला नाही. उरलेल्या पिठात थोडी तांदळाची पिठी मिसळून त्यांनी गोळा पुन्हा मळला, झाऱ्याने चुरा काढून घेतला आणि निवल्यावर आधी स्वतःच्या तोंडात टाकला. "चव छान आहे हो," एवढेच म्हणाल्या.

पुढे माझ्या घरी सून आली ती बंगाली. तिच्या माहेरी लक्ष्मीची पूजा कोजागरीला, नारळाच्या लाडवांसह. आपल्या लक्ष्मीपूजनाच्या रात्री तिकडे कालीपूजा. भाऊबीज मात्र 'भाईफोंटा' या नावाने दोन्हीकडे एकाच दिवशी. पहिल्याच वर्षी तिने मोठ्या हौसेने अनारशाचा घाट घातला. तीन दिवस तांदूळ भिजवून रोज पाणी बदलले, निथळून जरासे सुकवून दमट असतानाच कुटले, गूळ घालून मळले आणि पीठ चार दिवस मुरू दिले. खसखशीवर थापून तळले, तर जाळीच पडेना. मी तांदळाचा डबा उघडून पाहिला: उकडा तांदूळ! पाहुण्यांदेखत मी हसले. "एवढेही कळू नये?" असे बोलूनही गेले. पुढच्या दिवाळीस तिने कढईला हात लावला नाही. दुकानातून मिठाईचे पुडे आणून मुकाट्याने देवापुढे ठेवले.

ते पुडे पाहून मला सासूबाई आठवल्या. चूक कोणाची होती? मी तिला 'तांदूळ' म्हटले होते, 'आतप' म्हटले नव्हते. १९७० साली प्रसिद्ध झालेली कमलाबाई ओगले यांची 'रुचिरा' माझ्या पिढीच्या कितीतरी मुलींनी सासरी नेली. पुस्तकातून माप कळते. पण या गावच्या बाजारात कोणता तांदूळ मागायचा, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसानेच सांगायचे असते. सासूबाईंनी ते मला सांगितले, आणि मी मात्र ते गृहीत धरले.

त्यानंतरच्या वर्षी मीच तिच्याकडे गेले. म्हटले, "चुकले माझेच. आतप तांदूळ तू आण, पाणी मी बदलते." ती जरा थांबून म्हणाली, "मा, पुन्हा बिघडले तर?" मी म्हटले, "तर आपण दोघी खाऊ." त्या दिवाळीत निम्म्या अनारशांना सुरेख जाळी पडली, उरलेले हसले, आणि ते आम्ही दोघींनी खरोखरच खाल्ले.

आज आपल्या कित्येक घरांत सुना-जावई परभाषक आहेत, नातवंडांची मराठी मोडकी आहे. त्यांना आपला फराळ नकोसा आहे, असे मला वाटत नाही. आपण त्यांना पुरते सांगत नाही, आणि चुकले की हसतो. तेवढे यंदाच्या दिवाळीस टाळावे, अशी माझी आपणा सर्वांस विनंती आहे.