हाताने घडविलेली भेट : सुई, माती आणि शाळा

(तालुका शिक्षक-संमेलनातील भाषण)



कृष्णाकाठच्या घरात लेक बाळंत झाली म्हणजे तिच्या माहेरी बाळंतविड्याची तयारी सुरू होते. झबले, टोपडे, लाळेरे, कुंची अशी एकेक वस्तू शिवून होते. दुपट्यासाठी मात्र आजीचे जुने, धुवून धुवून मऊ झालेले लुगडे निघते. बाजारात याहून देखणे कापड मिळते हे आजीस ठाऊक नसते असे नाही. तरीही ती जुन्या लुगड्यासच हात घालते. कारण नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगास बोचते. येथे माया आहेच, परंतु मायेच्या जोडीस विचारही आहे. घेणारा कोण, त्याचे अंग कसे, त्यास काय सोसेल, हे मनात ठरवून मगच सुईत दोरा ओवला गेला आहे. हाताने केलेल्या भेटीचे मर्म ते हेच. शाळेतील शिवणकाम व मातीकाम यांत हे मर्म कसे उतरवावे, याचा येथे विचार करावयाचा आहे.

अशा भेटींची परंपरा या भागात जुनी आहे. १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग व विलीन झालेली काही संस्थाने मिळून दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. जिल्हे दोन झाले, तरी दोन्हीकडची वाकळ एकच राहिली. जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक पसरून, शेजारी शेजारी धावदोऱ्याच्या ओळी घालून ती शिवतात. कोणते लुगडे कोणाचे होते, हे घरातील वडीलधारी बाई वाकळेवर बोट ठेवून सांगू शकते. मातीच्या बाबतीतही तसेच आहे. संक्रांतीस कुंभाराच्या घरची सुगडी येतात. त्यांत ऊस, बोरे, हरभऱ्याचे घाटे व गव्हाच्या लोंब्या भरून बायका एकमेकींस वाण देतात. बेंदरास मातीच्या बैलांची पूजा होते. पेरणीच्या दिवसांत राबलेल्या मुक्या जनावराविषयीची ती कृतज्ञताच होय.

आज मात्र शाळेतील निरोपसमारंभ, वाढदिवस व शिक्षकदिन यांचे स्वरूप पालटले आहे. भेटवस्तू विकत आणावयाची, तिच्यावर नाव वा छायाचित्र छापून घ्यावयाचे, की ती ‘खास’ झाली असे मानले जाते. त्यासाठी वर्गात वर्गणी निघते. ज्या मुलाजवळ द्यावयास पैसे नसतात, ते त्या दिवशी पोटात दुखते असे सांगून घरी राहते. हजेरीपटावर त्या दिवशी केवळ गैरहजेरी दिसते. तिचे कारण दिसत नाही. दुसरीकडे, हस्तकामाच्या प्रदर्शनात मांडलेल्या अनेक वस्तू मुलांच्या आईने, थोरल्या बहिणीने किंवा दुकानदाराने केलेल्या असतात, हे पाहुण्यांखेरीज सर्वांस माहीत असते. या दोन्ही गोष्टींत मुलाचा हात रिकामाच राहतो, आणि त्याहून खेदाची गोष्ट ही की, ‘माझ्यापाशी देण्यासारखे काही नाही’ ही समजूत गरीब मुलाच्या मनात शाळेतच पक्की होते.

हस्तव्यवसायास शिक्षणात स्थान देण्याचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि उद्योगाच्या द्वारे शिक्षण ही कल्पना पुढे आली. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तिची योजना आखली. साताऱ्यात तर कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ पासून चालविलेल्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत व अंगमेहनतीची कामे करीत. पुढे १९६४ ते १९६६ या काळातील कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना ठेवून, त्या काळात त्यांनी सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली काम शिकावे, असे सुचविले आहे. तेव्हा पुढे सांगितलेला उपक्रम अभ्यासक्रमाच्या बाहेरचा नाही.

कामास आरंभ करण्यापूर्वी प्रत्येक मुलाने आपल्या वहीत तीन प्रश्नांची उत्तरे लिहावीत. भेट कोणासाठी? त्या व्यक्तीस रोजच्या जीवनात कोणती अडचण पडते? तिचे माप काय? मापाचा अर्थ केवळ अंगाचे माप नव्हे. आजीचा चष्मा किती लांबीचा, धाकट्या भावाची पाटी केवढी, आईच्या चुलीजवळच्या कोनाड्यात केवढे भांडे मावेल, हे पट्टीने मोजून आणावे. ही तीन उत्तरे मिळाली म्हणजे वस्तू आपोआपच त्या एका व्यक्तीची होते. मग तिच्यावर नाव असो वा नसो.

शिवणकामात पहिली वस्तू म्हणून वह्यापुस्तकांची पिशवी घ्यावी. तयार पिशवी ३० सेंटिमीटर रुंद व ३५ सेंटिमीटर खोल हवी असेल, तर ३४ सेंटिमीटर रुंद व ७८ सेंटिमीटर लांब कापड लागते. दोन्ही बाजूंच्या शिवणीस दोन-दोन आणि दोन्ही तोंडांच्या दुमडीस चार-चार सेंटिमीटर जातात. हा हिशेब शिक्षकाने फळ्यावर आयता मांडू नये. मुलांकडूनच तो काढून घ्यावा. बंदांसाठी ५० सेंटिमीटर लांब व ८ सेंटिमीटर रुंद अशा दोन पट्ट्या चौपदरी दुमडून शिवाव्यात. जुन्या विजारीचे किंवा गणवेशाचे जाड कापड यासाठी उत्तम. विरलेले धोतर ओझे सहन करीत नाही. गावच्या शिंप्याकडील उरलेल्या तुकड्यांचा ठिगळकामास चांगला उपयोग होतो.

बाजूंची शिवण धावदोऱ्याने न घालता उलट टीप घालून करावी. धावदोऱ्यात टाक्यांमध्ये फट राहते व ओझ्याने शिवण उसवते; उलट टिपेत प्रत्येक टाका मागे येऊन फट झाकतो, म्हणून ती टिकते. वाकळेस धावदोरा पुरतो, पिशवीस पुरत नाही, असे का, हा प्रश्न वर्गात अवश्य विचारावा. वाकळेवरील भार शेकडो ओळींत वाटला जातो, पिशवीचा भार दोन शिवणींवर येतो, हे मुले स्वतः हात लावून शोधून काढतात. नाव काढावयाचे असल्यास पेन्सिलीने लिहून त्यावर साखळी टाका घालावा. सुया मोजून द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात. पहिली-दुसरीच्या मुलांच्या हाती सुई न देता त्यांच्याकडून पुठ्ठ्याच्या भोकांतून लोकर ओवून घ्यावी.

मातीकामासाठी प्रथम गावातील कुंभाराकडे जावे. पूर्वी कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक होता. गावास मडकी पुरवी व सुगीस धान्य नेई. ती पद्धत मागे पडली. प्लॅस्टिक व धातूची भांडी आल्यावर अनेक घरांतील चाके थांबली. ज्या गावात चाक अजून फिरते, तेथे त्या कारागिरास शाळेत गुरू म्हणून बोलवावे, खुर्ची द्यावी आणि मातीचे व वेळेचे मोल चुकते करावे. फुकट माती मागून घेणे म्हणजे मुलांस श्रमप्रतिष्ठेचा उलटा धडा देणे होय.

चाकावरचा हात एका दिवसात बसत नाही. यास्तव मुलांनी चाकावाचूनच काम करावे. मुठीएवढा गोळा घेऊन त्यात अंगठा दाबत फिरविला की पणती किंवा वाटी होते. हाताने मातीच्या वळ्या करून त्या एकावर एक रचल्या आणि आतून-बाहेरून सारवल्या की लेखण्यांचे भांडे किंवा लहान कुंडी होते. जोडावयाच्या दोन्ही भागांवर आधी काडीने ओरखडे काढावेत व पातळ चिखल लावून ते दाबावेत. नाहीतर वाळताना बैलाची शिंगे गळून पडतात. भिंतीची जाडी सगळीकडे सारखी, अदमासे करंगळीच्या निम्म्याएवढी ठेवावी. नाव किंवा नक्षी माती ओलसर असतानाच कोरावी.

वस्तू उन्हात न ठेवता सावलीत सावकाश वाळवावी. बाहेरची बाजू लवकर सुकून आकसते, आतली ओलीच राहते, आणि या ओढाताणीत भांड्यास तडा जातो. अर्धवट वाळलेले भांडे भट्टीत घातले तर आतील पाण्याची वाफ होऊन ते फुटते. माती वाळताना व भाजताना आकसते. मातीच्या जातीप्रमाणे हे प्रमाण शेकडा दहापर्यंत जाऊ शकते. म्हणून कोनाड्यात बसवावयाचे भांडे मोजताना थोडे मोठे घ्यावे. भाजणी कुंभाराच्याच भट्टीत, त्याच्याच देखरेखीखाली व्हावी. न भाजलेली माती पाण्यात विरघळते, भाजलेली विरघळत नाही. हा फरक दोन वाट्यांत पाणी ओतून दाखविला म्हणजे विज्ञानाचा एक पाठ होतो. बाजारी रंग लावलेल्या भांड्यात मात्र खाण्याचे पदार्थ ठेवू नयेत.

भट्टीत काही वस्तू फुटणारच. ज्याची वस्तू फुटली त्या मुलास दुसरा गोळा ताबडतोब मिळावा, म्हणून माती व वेळ आधीच राखून ठेवावी. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी भट्टी लावणारा शिक्षक त्या मुलावर अन्याय करतो.

आता या उपक्रमाचा सर्वांत महत्त्वाचा उपयोग पाहावा. ऊसतोडणीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून आणि जत, माण यांसारख्या दुष्काळी तालुक्यांतूनही मजूर कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात येतात. त्यांची मुले दिवाळीच्या सुमारास वर्गात बसतात व उन्हाळ्याच्या तोंडी निघून जातात. समजा, वाळवा किंवा कऱ्हाड तालुक्यातील एखाद्या शाळेत चौथीत अशी एक मुलगी आहे. फडावरील खोपीत तिची वही दवाने भिजते, पुस्तकास चुलीचा धूर लागतो. तिच्यासाठी वर्गाने काय करावे? छापील चित्राचा पेला तिच्या काय उपयोगाचा? तिला जाड कापडाची, वर झाकण येईल अशी पिशवी हवी. आणि तिच्या आत एक खिसा हवा, ज्यात स्थलांतर करणाऱ्या मुलांस शाळेकडून मिळणारे शिक्षण हमी पत्रक घडी घालून नीट राहील. पुढच्या शाळेच्या गुरुजींनी ते पत्रक उघडले म्हणजे तिची इयत्ता व प्रगती त्यांस कळते आणि तिचे शिक्षण तुटत नाही. पत्रक हरवले तर तिचे नाव पटावर येण्यास विलंब लागतो, आणि अशा विलंबात कित्येक मुलींची शाळा कायमची सुटते. चार सेंटिमीटरांची दुमड आणि एक खिसा यांवर एवढे अवलंबून असू शकते.

परंतु त्या मुलीस केवळ घेणारी ठरवू नये. वाकळ शिवणे तिने आपल्या आईजवळ पाहिलेले असते; तिचा धावदोरा गावातील मुलांहून सरळ येण्याचा संभव आहे. जाण्यापूर्वी तिनेही वर्गातील कोणासाठी तरी काही करून द्यावे. ज्याला काही देता येते, त्यास वर्गात आपली जागा आहे असे वाटते.

दोन-तीन पथ्ये सांगणे अवश्य आहे. मुलींनी शिवावे व मुलांनी माती तुडवावी, अशी वाटणी करू नये. गावचा शिंपी हा बहुधा पुरुषच असतो, याची मुलांस आठवण द्यावी. कुंभाराच्या मुलास मातीकाम ‘येणारच’ असे म्हणून त्याच्यावरच सर्व काम टाकू नये आणि त्यावरून त्यास हिणवूही देऊ नये. शाळेतील वस्तू पाहुण्यांस किंवा तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांस भेट देण्यासाठी करून घेऊ नयेत. मुलांचे श्रम त्यासाठी नाहीत. आणि मूल्यमापन करताना केवळ टाक्यांची सफाई पाहू नये. वस्तू दिल्यानंतर आठवड्याने मुलाने घेणाऱ्याकडे जाऊन ती वापरात आहे का, कोठे कमी पडली, हे विचारून पाच-सहा वाक्यांत लिहावे. तो लेख भाषेच्या वहीतील खरा निबंध होय, आणि कार्यानुभवाची नोंदही तोच.

खर्च फारसा नाही. सुया, दोऱ्याची रिळे, दोन-तीन कात्र्या, मातीचे व भाजणीचे मोल, एवढ्यावर भागते. बेंदूर, दिवाळीच्या पणत्या, संक्रांत व हंगामाअखेरचा निरोप असे वर्षातील चार प्रसंग धरले, तर प्रत्येक मुलाच्या हातून वर्षभरात चार वस्तू उतरतील. येत्या शिक्षणपरिषदेस येताना प्रत्येक शिक्षकाने मुलांच्या वहीतील ती तीन उत्तरे बरोबर आणावीत. वस्तू आणण्याची आवश्यकता नाही. त्या ज्यांच्यासाठी केल्या, त्यांच्या घरीच असाव्यात.