दिवस मोजा, श्वास मोजा

(वार्षिक सभेत श्वसनविकार विभागाच्या वतीने झालेले भाषण)



‘साधाच खोकला होता, म्हणून थांबलो’ हे वाक्य आमच्या बाह्यरुग्ण विभागात वारंवार कानी पडते. खोकला हा स्वतः रोग नव्हे, ते लक्षण आहे. त्याचे गांभीर्य ओळखण्यास घरातील दोन वस्तू मोठे साहाय्य करतात : दिनदर्शिका आणि घड्याळ.

प्रथम दिनदर्शिका. विषाणूजन्य सर्दी बहुधा आठवड्या-दहा दिवसांत ओसरते. प्रतिजैविकांचा तिच्यावर परिणाम होत नाही. परंतु खोकला दोन आठवडे टिकला, तर क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. सायंकाळचा बारीक ताप, घटते वजन, रात्रीचा घाम किंवा थुंकीतून रक्त ही लक्षणे असल्यास मुळीच विलंब नको. या रोगाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जाहीर केला. आज नेहमीच्या औषधांना दाद देणारा फुप्फुसाचा क्षय सहसा सहा महिन्यांच्या अखंड उपचाराने बरा होतो आणि ही औषधे शासनाकडून विनामूल्य मिळतात.

आता घड्याळ. खोकणारे मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६०, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५०, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून अधिक श्वास भरल्यास न्यूमोनियाची शंका घ्यावी व त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा बाळ दूध पीत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

दमा येतो आणि जातो. रात्री-पहाटे छातीतून शिट्टीसारखा आवाज येतो. पंपाची सवय लागते, हा समज निराधार आहे. पंपातील औषध थेट श्वासनलिकेत पोहोचते, म्हणून अल्प मात्रा पुरते.

एका आजींना सुनेने आमच्याकडे आणले. त्यांनी विडीला कधी स्पर्शही केला नव्हता. मात्र उभा जन्म चुलीपुढे गेला होता. चार पावलांत लागणारी धाप घरच्यांनी वर्षानुवर्षे वयाचा दोष मानली. फुंकण्याच्या तपासणीत, म्हणजे स्पायरोमेट्रीत, श्वासमार्ग कायमचे अरुंद झाल्याचे आढळले. ती हानी भरून येत नाही. धुरापासून दूर राहून व औषधे घेऊन पुढील त्रास मात्र कमी करता येतो. त्या आधी आल्या असत्या, तर बरेच काही वाचले असते.

आपल्या दातृत्वातून रुग्णालयात यंत्रे येतात, खाटा वाढतात. त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. परंतु पहिली तपासणी घरीच होते. ती आपण वेळेवर करावी, एवढीच नम्र विनंती.