घंटा वाजली, तरी थांबा

गेल्या महिन्यात आमच्या शेजारची सून माझ्याकडे आली. नोकरी करणारी मुलगी. सकाळी आठला घर सोडते, संध्याकाळी सातला परतते. घरात नवा कन्व्हेक्शन ओव्हन आला होता. तिनं विचारलं, "काकू, सकाळी कोंबडीला मसाला लावून ओव्हनमध्ये ठेवली आणि साडेपाचला आपोआप सुरू होईल असा टायमर लावला, तर मी येईपर्यंत तयार असेल ना? पुस्तिकेत तशी सोय दिलीय." दिवसभर राबून आलेल्या बाईला दार उघडताच घरात भाजलेल्या कोंबडीचा वास यावा, ही इच्छा अगदी रास्त आहे. तरीही मी तिला 'नको' म्हटलं. का नको, ते आज तुम्हालाही सांगायचं आहे.

आधी हा ओव्हन काम कसा करतो ते पाहू. कन्व्हेक्शन ओव्हनमध्ये एक पंखा असतो. साध्या ओव्हनमध्ये हवा तापते, पण मांसाच्या अंगालगत थंड, ओलसर हवेचा पातळ थर चिकटून राहतो आणि उष्णतेला अडवतो. पंखा तो थर सतत उडवून लावतो. फुंकर घातली की चहा लवकर निवतो ना, तेच इथं उलट घडतं. गरम हवेचा झोत लागला की पदार्थ लवकर तापतो. म्हणून साध्या ओव्हनसाठी २०० अंश सेल्सिअस सांगितले असतील, तर पंखा चालू असताना १८० पुरतात. मात्र वारा चहूबाजूंनी लागला पाहिजे. कोंबडी खोलगट भांड्यात न ठेवता जाळीवर ठेवावी, खाली रस गळायला ट्रे ठेवावा. तुकडे असतील तर दोन तुकड्यांमध्ये दोन बोटांची जागा सोडावी.

अमेरिकेत १९४५ च्या सुमारास विल्यम मॅक्सन यांनी असा पंख्याचा ओव्हन बनवला तो विमानात गोठवलेल्या जेवणाची ताटं गरम करायला. ताटातलं अन्न पातळ पसरलेलं असतं, तिथं पंख्याचा पुरेपूर फायदा मिळतो. अख्ख्या कोंबडीचं तसं नाही. पंख्याची करामत वरच्या कातडीपर्यंतच. तिथून पुढे उष्णता मांसातूनच वाट काढत आत जाते, आणि फार सावकाश जाते. जाडी दुप्पट झाली, तर मध्यापर्यंत पोचायला ढोबळ हिशेबानं चौपट वेळ लागतो. टायमर मिनिटं मोजतो, जाडी मोजत नाही. त्याच्यावर भरवसा किती ठेवायचा, ते इथंच ठरतं.

आता त्या उशिरा सुरू होणाऱ्या टायमरकडे येऊ. सकाळी आठ ते संध्याकाळी साडेपाच म्हणजे साडेनऊ तास. एवढा वेळ कच्ची कोंबडी बंद ओव्हनमध्ये, म्हणजे घरातल्या साध्या तपमानाला पडून राहणार. ५ अंशांपासून ६० अंशांपर्यंतचा टप्पा जिवाणूंच्या वाढीला अनुकूल असतो. उबदार जागी काही जिवाणू दर वीस मिनिटांनी दुप्पट होतात. हिशेब करून पाहा. एकाचे तासाभरात आठ, तीन तासांत पाचशे बारा, चार तासांत चार हजार शहाण्णव. कच्चं मांस फ्रिजबाहेर एकूण दोन तासांहून जास्त राहू नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा नियम आहे. आपल्याकडे विदर्भात, मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत हा एक तासाचाच नियम लागू होतो, हे लक्षात ठेवा.

यावर कोणी म्हणेल, नंतर १८० अंशांत सगळे जंतू मरणारच की! जंतू मरतील, पण काहींनी तोपर्यंत तयार केलेलं विष मागे उरतं. आपल्या हातावर, नाकात राहणारा स्टॅफिलोकॉकस नावाचा जिवाणू असं विष बनवतो, आणि ते उकळूनही नष्ट होत नाही. दही, लिंबू, मीठ लावून मुरवलेली कोंबडीही याला अपवाद नाही. मुरवायची ती फ्रिजमध्येच. म्हणून माझा नियम असा: टायमर ओव्हन बंद करायला वापरावा, मांस ठेवून निघून गेल्यावर चालू करायला कधीही वापरू नये. भाज्या, पाव, बटाटे यांचं वेगळं. मांस, मासे, अंडी यांच्यासाठी ती सोय नाही.

बरं, बंद करणारा टायमर तरी पूर्ण विश्वासाचा आहे का? माझा स्वतःचा अनुभव सांगते. एका रविवारी मी दीड किलोची अख्खी कोंबडी भाजायला ठेवली. ओव्हनमध्ये कोंबडीसाठी तयार कार्यक्रम होता, त्यात वजन एक किलो गृहीत धरलेलं होतं. घंटा वाजली. दार उघडलं तर कातडी छान तांबूस, कडा खरपूस, घरभर वास. पाहुणे ताटावर बसलेले. मी मांडीच्या सगळ्यात जाड भागात थर्मामीटरची सळई खुपसली. आकडा चढत चढत ६१ वर थांबला. कोंबडी परत आत गेली, आणखी पंचवीस मिनिटं लागली. त्या दिवशी केवळ रंगावर विश्वास ठेवून ती वाढली असती, तर पाहुण्यांना आणि घरातल्या लहान मुलांना मी काय खाऊ घातलं असतं, हा विचार आजही मनात येतो.

रंग फसवतो, हे आपल्या स्वयंपाकात तर अधिकच खरं. हळद, काश्मिरी मिरची, तंदुरी मसाला लावलेलं मांस कच्चं असलं तरी पिवळं-लाल दिसतं. उलट, बाजारातल्या कोंबड्या कोवळ्या असतात, त्यांच्या हाडातल्या मगजाचा रंग झिरपून पूर्ण शिजलेलं मांसही हाडाजवळ गुलाबी राहतं. सुरीनं टोचून पाणी स्वच्छ येतं का पाहणं, ही जुनी खूणही खात्रीची नाही.

खात्रीचा आहे तो आतला आकडा. आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं उपाहारगृहांसाठी जो दंडक घालून दिला आहे, तो घरीही पाळावा. सामिष पदार्थाच्या मध्यभागी ६५ अंश दहा मिनिटं, किंवा ७० अंश दोन मिनिटं, किंवा ७५ अंश पंधरा सेकंद. घरी तीन आकडे लक्षात ठेवायची गरज नाही. एकच ठेवा, पंच्याहत्तर. थर्मामीटरची सळई मांडीच्या आणि छातीच्या सगळ्यात जाड भागात घालावी, हाडाला टेकू देऊ नये, कारण हाडाजवळचा आकडा चुकीचा येऊ शकतो. आकडा कमी आला, तर सळई साबणाच्या पाण्यानं धुऊन मगच पुन्हा घालावी.

थर्मामीटर बरोबर आहे का, हेही घरीच तपासता येतं. पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून ढवळा, सळई बुडवा. काटा शून्यावर आला पाहिजे. उकळत्या पाण्यात तपासायचं असेल तर गावाची उंची ध्यानात घ्या. मुंबईत, रत्नागिरीत पाणी १०० अंशांला उकळतं. पुण्यात सुमारे ९८ अंशांला, आणि महाबळेश्वरला तर ९६ च्याही किंचित खाली. तिथं काटा शंभराला पोचला नाही, तर दोष थर्मामीटरचा नाही.

मग टायमर लावायचा किती? अख्ख्या कोंबडीला पंख्यासह १८० अंशांवर, दर अर्ध्या किलोला वीस मिनिटं आणि वर आणखी वीस, हा चांगला अंदाज आहे. म्हणजे सव्वा किलोच्या कोंबडीला सत्तर मिनिटं. ओव्हन आधी तापवून घ्यावा. कोंबडी आतून गोठलेली नसावी. डीप फ्रीझरमधून काढून आदल्या दिवशीच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, थाळीत ठेवावी. बकऱ्याची अख्खी तंगडी भाजायची तर गोष्ट निराळी. ती ७५ अंशांला सुरक्षित होते, पण मऊ होत नाही. तिला १६० अंशांवर, फॉइलनं झाकून, अडीच-तीन तास द्यावे लागतात. न झाकता ठेवली तर पंख्याच्या वाऱ्यानं ती वाळून जाते.

टायमर मी अंदाजापेक्षा दहा मिनिटं आधीचा लावते. घंटा झाली की थर्मामीटर घालते आणि उरलेला वेळ आकडा पाहून ठरवते.

घंटेनंतरचा काळही तितकाच महत्त्वाचा. ओव्हन बंद झाला, की भाजलेलं मांस रात्रीपर्यंत आतच ठेवायची अनेकांना सवय असते. गरम राहतं म्हणतात. प्रत्यक्षात बंद ओव्हन तासन् तास कोमट राहतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात, आणि ४५ अंशांच्या आसपासची ऊब त्यांना सगळ्यात मानवते. तेव्हा दोन तासांच्या आत मांस वाढून घ्या, आणि उरलेलं हाडांपासून सोडवून, लहान तुकडे करून उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी खाताना पुन्हा ७५ अंशांपर्यंत गरम करा.

आणि लाइट गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न विचारावाच लागतो. वीज परत आली, तरी पुष्कळ ओव्हन आपोआप पुन्हा सुरू होत नाहीत. घड्याळ शून्यावर लुकलुकत राहतं आणि मांस अर्धवट शिजलेलं आत तसंच बसतं. म्हणून मांस भाजत असताना घर सोडून जाऊ नये. लाइट लवकर येण्याची चिन्हं नसतील, तर तुकडे करून लगेच गॅसवर, कुकरमध्ये शिजवून घ्यावेत. पण ते अर्धवट अवस्थेत दोन तासांहून जास्त राहिलं असेल, तर कितीही जीव हळहळला तरी टाकून द्यावं.

आमच्या शेजारच्या त्या मुलीनं आता वेगळी घडी बसवली आहे. रात्री कोंबडीचे तुकडे मुरवून फ्रिजमध्ये ठेवते. संध्याकाळी आल्याआल्या ओव्हन तापायला लावते, हातपाय धुते, तुकडे जाळीवर मांडते. पाऊण तासात जेवण तयार होतं, तोवर भाकरी आणि कोशिंबीर होते. सकाळपासून घड्याळ लावून ठेवण्याची गरजच उरली नाही.

श्रोतेहो, ओव्हन घेताना आपण हजारो रुपये खर्च करतो. त्यासोबत काही शे रुपयांचा अन्नाचा थर्मामीटरही जरूर घ्या आणि तो कपाटात न ठेवता ओव्हनशेजारीच टांगून ठेवा. घरातलं लहान मूल, म्हातारं माणूस, गरोदर बाई यांना अन्नविषबाधा फार जड जाते. त्यांच्या ताटात मांस वाढण्याआधी एकदा सळई घाला, आणि पंच्याहत्तर आकडा डोळ्यांनी पाहा.